विश्लेषण : व्हर्जिनिया वुल्फ यांच्या उडालेल्या झोपेने काय इशारा दिला होता?

कोण होत्या वुल्फ?
‘मिसेस डॅलोवे’ (१९२५) आणि ‘टू द लाइटहाउस’ (१९२७) लिहिणाऱ्या ब्रिटिश कादंबरीकार. जन्म लंडनमध्ये, १८८२ साली. तेराव्या वर्षी आई गेली आणि त्यांचे मन पहिल्यांदा ढासळले. १९०४ मध्ये वडील गेल्यावर त्यांना भास होऊ लागले. पक्षी ग्रीक भाषेत गात असल्याचे ऐकू येई. त्या वर्षी आणि पुन्हा १९१३ मध्ये त्यांनी जीवन संपवण्याचा प्रयत्न केला.

झोपेचा संबंध काय?
१९१२ मध्ये विवाह झाल्यावर पती लेनर्ड त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवत. डोकेदुखी, उडालेली झोप आणि न थांबणारे विचार ही आजार उलटण्याची चाहूल, हे त्यांनी ओळखले. ती लागताच लेखन बंद, शांत खोलीत विश्रांती आणि भरपूर दूध. त्यांच्या गाजलेल्या कादंबऱ्या याच काळातल्या.

पुढे काय झाले?
महायुद्धात लंडनचे घर बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. आवाज पुन्हा ऐकू येऊ लागले. २८ मार्च १९४१ रोजी, ५९व्या वर्षी त्यांनी जीवन संपवले. अशा आजारावरील प्रभावी औषधे त्यानंतर दशकभराने रुळू लागली.

आज काय करता येते?
सायकोसिसच्या सुरुवातीला झोप बिघडणे सर्रास आढळते आणि आत्महत्येच्या विचारांशी त्याचा संबंध दिसतो. झोप हे एकमेव कारण नव्हे. पण तिच्यावर उपचार होतात. घरात कोणी रात्रीमागून रात्री जागत असेल, भास किंवा संशय जाणवत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना लवकर भेटा. मनात मरणाचे विचार येतात का, हे आपुलकीने थेट विचारा. सरकारच्या ‘टेली-मानस’ची १४४१६ ही हेल्पलाइन मोफत आणि २४ तास सुरू असते.