बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या माणसानेच हौशी रेडिओचा आवाज वाचवला!

एका हातात वॉकी-टॉकीसारखा सेट, दुसऱ्या हातात अँटेना आणि डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहामार्फत शेकडो किलोमीटरवरच्या माणसाशी गप्पा. हॅम रेडिओवाले हे करतात. वेळ मात्र जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, तेवढ्यात उपग्रह क्षितिजाखाली जातो. उपग्रहाचं काम साधं असतं. खालून आलेला संदेश पकडायचा आणि पुढे पाठवायचा.

ही पुढे पाठवायची कल्पना हौशी मंडळींत रुजवली हिराम पर्सी मॅक्सिम यांनी. तीही पहिला उपग्रह उडण्याच्या चाळीसेक वर्षं आधी.

त्यांचा जन्म १८६९ मध्ये ब्रुकलिनला झाला. वडील म्हणजे मॅक्सिम मशीनगनवाले हिराम स्टीव्हन्स मॅक्सिम. बापाने गोळ्यांचा पाऊस पाडणारी बंदूक काढली, तर एमआयटीत शिकलेल्या मुलाने गोळीचा आवाज दाबणारा सायलेन्सर बनवला!

एप्रिल १९१४. मॅक्सिम तेव्हा अमेरिकेतल्या हार्टफर्डला राहत होते. स्प्रिंगफिल्डमध्ये कुणाकडे तरी रेडिओची व्हॅक्यूम ट्यूब विकायला आहे, असं त्यांना कळलं. अंतर साधारण ४० किलोमीटर, पण त्यांच्या रेडिओचा संदेश काही तिथे पोचेना. मग मधल्या विंडसर लॉक्स गावातल्या एका हौशी रेडिओवाल्याला त्यांनी निरोप पुढे सरकवायला सांगितला. काम झालं. एक निरोप असा जातो, तर साखळी करून देशभर का जाणार नाही? त्याच वर्षी क्लॅरेन्स टस्का यांच्यासोबत त्यांनी 'अमेरिकन रेडिओ रिले लीग' काढली. नावातच 'रिले' होतं.

खरी कसोटी पुढे होती. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि हौशी केंद्रं बंद करायचा हुकूम निघाला. युद्ध संपल्यावरही संकट टळलं नाही. रेडिओचा ताबा नौदलाकडे देणारं विधेयक अमेरिकन संसदेत आलं. ते मंजूर झालं असतं, तर हा छंद तिथेच संपला असता. मॅक्सिम समितीसमोर जाऊन भांडले, लीगने सभासदांना पत्रं लिहायला लावली. विधेयक बारगळलं आणि १९१९ मध्ये संदेश पाठवण्यावरची बंदीही उठली.

दोनच वर्षांत, डिसेंबर १९२१ मध्ये, अमेरिकन हौशींचे संदेश थेट स्कॉटलंडमध्ये ऐकू आले. १९२५ मध्ये पॅरिसला हौशी रेडिओची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा पहिले अध्यक्ष मॅक्सिमच.

१७ फेब्रुवारी १९३६ ला कोलोरॅडोतल्या ला हुंटा इथे त्यांचं निधन झालं. त्यांचं डब्ल्यू१एडब्ल्यू हे कॉलसाइन आज लीगचं मुख्य केंद्र वापरतं.

हौशींचा पहिला उपग्रह ऑस्कर-१ उडाला १२ डिसेंबर १९६१ ला. तो फक्त मोर्समध्ये 'हाय' म्हणायचा. लोकांचे संदेश खऱ्या अर्थाने पुढे पाठवले ते १९६५ च्या ऑस्कर-३ ने. भारताचा हॅमसॅट इस्रोने मे २००५ मध्ये श्रीहरिकोटाहून सोडला आणि तो २०१४ पर्यंत हौशींचे निरोप इकडून तिकडे पोचवत राहिला.