गंगानाथ ते जोतिबा : बाबूराव पेंढारकरांची वाटचाल

कोल्हापूरच्या चित्रपट इतिहासात बाबूराव दोन. पहिले कलामहर्षी बाबूराव पेंटर. त्यांचा पुतळा आहे, त्यांच्या नावाचा दबदबा आहे. दुसरे बाबूराव पेंढारकर. त्यांचे नाव निघाले की आधी कोणाचे तरी नाते सांगावे लागते. भालजी पेंढारकरांचे बंधू, व्ही. शांताराम यांचे मावसभाऊ, मास्टर विनायकांचे सहकारी. वस्तुतः हे तिघे ज्या घडामोडींतून पुढे आले, त्यांतील बहुतेक ठिकाणी बाबूराव आधीपासून हजर होते.

त्यांचा जन्म २२ जून १८९६ चा, कोल्हापूरचा. शाहू महाराजांच्या राजवटीत हे संस्थान कुस्ती, संगीत, नाटक आणि चित्रकला यांनी गजबजलेले होते. पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तेव्हा तरुण बाबूराव तेथे दाखल झाले. १९२० साली कंपनीचा पहिला मूकपट 'सैरंध्री' आला. कंपनीत काम म्हणजे केवळ तोंडाला रंग लावणे नव्हे. माणसे जमवायची, हिशेब पाहायचा, कपडेपट सांभाळायचा आणि गरज पडली तर कॅमेऱ्यासमोरही उभे राहायचे. व्यवस्थापक आणि नट ही दुहेरी भूमिका बाबूरावांना तेथेच चिकटली, ती जन्मभर सुटली नाही. शांताराम वणकुद्रे नावाच्या आपल्या मावसभावाला पेंटरांच्या कंपनीत त्यांनीच नेले. पुढच्या साऱ्या इतिहासाचा विचार करता, बाबूरावांनी दुसरे काहीच केले नसते तरी या एका कामासाठी त्यांची नोंद घ्यावी लागली असती.

पुढे भालजींच्या साथीने त्यांनी 'वंदे मातरम' ही संस्था काढली. तिच्या 'वंदे मातरम आश्रम' या मूकपटाला इंग्रजी अमलातील सेन्सॉरच्या कात्रीला तोंड द्यावे लागले. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात 'प्रभात' स्थापन झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांत बाबूरावांचे नाव नव्हते. मात्र कंपनीच्या कारभारात आणि पडद्यावर ते लवकरच दिसू लागले.

बोलपटाची कसोटी

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि मूकपटांच्या कंपन्यांची झोप उडाली. अंगाने बोलणाऱ्या नटांना आता तोंडाने बोलावे लागणार होते. पहिलवानी देहयष्टी आणि घोडेस्वारी यांवर नायक ठरण्याचे दिवस संपले. पार्श्वगायन अजून यायचे होते. ज्याने भूमिका करायची त्यानेच कॅमेऱ्यासमोर गायचे, आणि वादकांनी चौकटीबाहेर दडून साथ करायची, अशी रीत होती. साहजिकच प्रमुख भूमिका गळा असणाऱ्यांकडे गेल्या. 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'त गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले, दुर्गा खोटे तारामती झाल्या आणि विनायक नारद.

बाबूरावांच्या वाट्याला आला गंगानाथ. काशीत दासी म्हणून विकल्या गेलेल्या तारामतीवर वाईट नजर ठेवणारा खलपुरुष.

फेब्रुवारी १९३२ मध्ये हा बोलपट आला आणि प्रेक्षकांनी गंगानाथाचा मनापासून तिरस्कार केला. नटाला याहून मोठी पावती कोणती? आज तो चित्रपट पाहताना अभिनयातील नाटकी वळण जाणवते. बहुतेकांच्या बोलण्यात रंगभूमीचा सूर लागलेला आहे. मात्र गंगानाथाला गाण्याचा आधार नाही. नजर, संथ हालचाल आणि शब्दफेक एवढ्याच भांडवलावर बाबूरावांना उभे राहायचे होते. सात्त्विक राजाचे दुःख प्रेक्षकाला भिडायचे तर त्याच्यासमोरचा माणूस तेवढाच भक्कम हवा, हे त्या कामावरून कळते. शिवाय हिंदी आवृत्ती स्वतंत्रपणे चित्रित होत असे. म्हणजे एकच प्रसंग मराठीत रंगवायचा आणि पुन्हा हिंदीत.

१९३३ मध्ये 'प्रभात'ने मुक्काम पुण्याला हलवला. कोल्हापूरसाठी हा मोठाच धक्का होता. यंत्रे गेली, कारागीर गेले, आणि बोलपटाचे केंद्रही जाणार अशी चिन्हे दिसू लागली. बाबूराव मात्र गेले नाहीत. राजाराम महाराजांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या 'कोल्हापूर सिनेटोन'मध्ये भालजी, विनायक आणि बाबूराव एकत्र आले. १९३५ चा 'विलासी ईश्वर' तेथला. मामा वरेरकरांची कथा, विनायकांचे पहिले दिग्दर्शन आणि शोभना समर्थ यांचे पदार्पण असा योग त्यात जुळून आला होता.

पुढच्याच वर्षी बाबूराव, विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी 'हंस पिक्चर्स' स्थापन केली. 'हंस'ने पौराणिक कथांची वाट सोडून साहित्यिकांना हाताशी धरले. वि. स. खांडेकरांच्या कथेवरील 'छाया' १९३६ चा, आचार्य अत्र्यांचा 'ब्रह्मचारी' १९३८ चा. मराठी चित्रपट लेखकाच्या नावावर चालू शकतो, हे येथे सिद्ध झाले. या यशात प्रकाशझोत विनायकांवर आणि लेखकांवर राहिला, आणि ते योग्यही होते. पण पडद्यामागे पैशाची जुळवाजुळव आणि माणसांची मनधरणी करणारा भागीदार कोणाला दिसत नाही. १९४० च्या सुमारास 'हंस'मधून 'नवयुग' उभी राहिली आणि हळूहळू मंडळींची पांगापांग झाली. विनायक १९४७ मध्ये अकाली गेले. जानेवारी १९४८ मध्ये, गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत, भालजींचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. जुन्या 'सिनेटोन'चीच ती वास्तू.

बाबूराव तोवर पन्नाशी ओलांडून गेले होते. शांतारामांच्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'त (१९४६) त्यांनी जनरल फाँग हा चिनी लढवय्या रंगवला होता. चरित्र अभिनेत्याचे वय झाले की त्याला वडील आणि न्यायाधीशांची कामे मिळतात. बाबूरावांचेही तसेच होणार, असे कोणालाही वाटले असते.

अत्र्यांना तसे वाटले नाही. 'श्यामची आई'नंतर त्यांनी 'महात्मा फुले' हाती घेतला आणि जोतिबांसाठी बाबूरावांना निवडले. सावित्रीबाई झाल्या सुलोचनाबाई. जानेवारी १९५४ मध्ये झालेल्या मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. पडद्यावर आयुष्यभर दुष्टपणाने गाजलेला चेहरा महात्म्याला शोभेल का, ही शंका रास्त होती. पण जोतिबांच्या बाण्यात सौम्यपणापेक्षा करारीपणा अधिक होता. भेदक नजर आणि ठाशीव बोलणे या बाबूरावांच्या जुन्याच गुणांना येथे वेगळा अर्थ मिळाला. सत्तावन्नाव्या वर्षी एका युगपुरुषाची मध्यवर्ती भूमिका त्यांच्या हाती आली, आणि चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.

१९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' आला. सहा कैद्यांना मोकळ्या माळावर नेऊन माणसात आणू पाहणाऱ्या जेलरची ही कथा. जेलर शांताराम होते आणि त्यांचे वरिष्ठ, तुरुंगाचे अधीक्षक, बाबूराव. सदतीस-अडतीस वर्षांपूर्वी ज्याला पेंटरांच्या कंपनीत नेले, त्याच्याच चित्रपटात त्यालाच परवानगी देणारा अधिकारी त्यांनी साकारला. हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवातही गौरवला गेला.

'चित्र आणि चरित्र' या नावाने त्यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. ८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. मूकपटांच्या काळातील त्यांचे काम बहुतांशी काळाच्या पोटात गेले. 'अयोध्येचा राजा' मात्र टिकला आहे, आणि त्यात गंगानाथाचा आवाज अजून ऐकता येतो.