एक तार, चार माणसं आणि एमिल बोदो

बॉड रेट आणि बिट रेट यांत फरक काय? व्हायवाला हा प्रश्न कधीच विचारला गेला नाही, असा इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी शोधून सापडणार नाही. उत्तर सगळ्यांना पाठ असतं. सेकंदाला सिग्नल किती वेळा बदलतो ते बॉड, आणि सेकंदाला किती बिट जातात तो बिट रेट. पण बॉड हा शब्द मुळात आला कुठून, असं विचारलं की सगळे चिडीचूप! व्होल्ट, अँपियर, ओहम, हर्ट्झ ही माणसांची नावं आहेत हे आपल्याला शाळेतच कळतं. बॉड हेसुद्धा एका माणसाचंच नाव आहे, फक्त अर्ध्यावर तोडलेलं. त्या माणसाचं आडनाव बोदो.

आज घरात इंटरनेटचं कनेक्शन एकच असतं आणि वापरणारे चार. बाबांचं ऑफिसचं काम, आईचा व्हिडिओ कॉल, ताईचा ऑनलाइन कोर्स आणि आपलं डाउनलोड, सगळं त्या एकाच लाइनवरून चालतं. होस्टेलवर तर एका राउटरवर किती जण लटकलेले असतात ते विचारूच नका! एकाच वायरवरून इतक्या जणांचं काम एकमेकांत न मिसळता कसं होतं, याचा विचार आपण सहसा करत नाही. नेट स्लो झालं की फक्त ओरडतो. पण हा प्रश्न इंटरनेटपेक्षा खूप जुना आहे, आणि जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच तारवाल्याने त्याचं झकास उत्तर दिलं होतं. त्याचीच ही गोष्ट.

झाँ मॉरिस एमिल बोदो याचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ रोजी फ्रान्समधल्या मान्यो नावाच्या लहानशा गावात झाला. वडील शेतकरी. एमिलचं शिक्षण किती, तर गावातल्या प्राथमिक शाळेपुरतं. बस्स! त्यानंतर कुठलं कॉलेज नाही, डिग्री नाही. तो वडिलांबरोबर शेतावर राबत होता. आपल्यासारख्या सेमिस्टर मोजणाऱ्या मंडळींनी हे जरा लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१८६९ मध्ये, म्हणजे चोविसाव्या वर्षी, तो फ्रान्सच्या तार खात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून चिकटला. तिथे त्याला मोर्सचं कट्ट-कड शिकवलं गेलं. मग खात्याने त्याला चार महिन्यांच्या एका कोर्सला पाठवलं. हा कोर्स होता ह्यूजच्या छापणाऱ्या तारयंत्राचा. या यंत्राला पियानोसारख्या पट्ट्या असायच्या. इकडे अक्षराची पट्टी दाबली की तिकडे कागदाच्या पट्टीवर तेच अक्षर छापून यायचं. मोर्ससारखं कानाने ऐकून लिहून घ्यायची गरज नाही. बोदोच्या डोक्यात हे यंत्र पक्कं बसलं.

मधे फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध झालं. त्यात थोडा काळ सेवा करून १८७२ मध्ये तो पॅरिसला आपल्या कामावर परतला आणि त्याच वर्षी त्याने स्वतःचं संशोधन सुरू केलं.

त्याला दिसलेली अडचण अगदी साधी होती. तारांचा ओघ वाढत चालला होता आणि प्रत्येक नवीन लाइन म्हणजे मैलोन् मैल खांब आणि वायर, म्हणजे प्रचंड खर्च. पण गंमत अशी की असलेली लाइन पूर्ण वापरली जातच नव्हती. माणसाचा हात किती भरभर चालणार? एका अक्षरानंतर दुसरं अक्षर येईपर्यंत ती एवढी महागाची तार नुसती रिकामी पडून असायची. मग त्या रिकाम्या वेळात दुसऱ्या कोणाचं अक्षर पाठवलं तर?

ही कल्पना एकट्या बोदोची नव्हती, हे आधीच सांगायला हवं. बर्नार मेयर नावाच्या फ्रेंच माणसाने ऑपरेटरना पाळीपाळीने लाइन देणारं यंत्र बनवलं होतं, पण ते मोर्सवर चालायचं. अक्षर छापायची युक्ती ह्यूजची. आणि पाच खुणांमध्ये सगळी अक्षरं बसवता येतात हा विचार जर्मनीत गाउस आणि वेबर यांनी आधीच केला होता. बोदोने या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या. ऐकायला सोपं वाटतं, पण ते जमायला त्याला वर्षं लागली.

आता त्याचं यंत्र कसं चालायचं ते पाहू. लाइनच्या टोकाला एक गोल तबकडी असायची, तिचं नाव डिस्ट्रिब्यूटर. तिच्यावर धातूचे छोटे छोटे तुकडे एकमेकांपासून वेगळे बसवलेले असायचे आणि त्यांच्यावरून एक ब्रश गोल फिरायचा. तबकडीचे चार भाग केले की एकेक भाग एकेका ऑपरेटरचा. ब्रश ज्याच्या भागावरून जाईल, तेवढ्यापुरती लाइन त्याची. पुढच्या क्षणी दुसऱ्याची. एक फेरी पूर्ण झाली की पुन्हा पहिल्याचा नंबर.

प्रत्येक ऑपरेटरसमोर फक्त पाच पट्ट्या असायच्या, दोन डाव्या हाताला आणि तीन उजव्या हाताला. दाबलेली पट्टी आणि न दाबलेली पट्टी, म्हणजे आपल्या भाषेत एक आणि शून्य. पाच पट्ट्यांचे एकूण ३२ प्रकार होतात. २६ अक्षरं त्यात बसतात, पण आकडे आणि चिन्हं कुठे घालायची? त्यासाठी आता अक्षरं आणि आता आकडे असं सांगणारे दोन वेगळे कोड ठेवले. की-बोर्डवरच्या शिफ्टसारखंच! पाच बिटचा हा कोड म्हणजे आपण फर्स्ट इयरला शिकतो त्या आस्की कोडचा पणजोबाच म्हणायचा.

ब्रश मिनिटाला साधारण १८० फेऱ्या मारायचा. दर फेरीत प्रत्येकाचं एक अक्षर जायचं. म्हणजे एका माणसाची मिनिटाला १८० अक्षरं, अंदाजे ३० शब्द. चार माणसांचे मिळून १२० शब्द, आणि तार एकच! पण यात दोन अटी होत्या. पहिली म्हणजे दोन्ही टोकांचे ब्रश अगदी बरोबरीने फिरले पाहिजेत. नाहीतर पहिल्याचं अक्षर दुसऱ्याच्याच कागदावर छापून यायचं. त्यासाठी फिरता फिरता वेग दुरुस्त करायची सोय यंत्रात होती. दुसरी अट माणसासाठी होती. आपली पाळी आली की यंत्र टक् असा आवाज करायचं आणि त्या ठेक्यावरच पट्ट्या दाबायच्या. उगाच घाई करून उपयोग नाही आणि रेंगाळूनही चालत नाही. हा ठेका अंगात मुरायला ऑपरेटरना बराच सराव करावा लागायचा.

१७ जून १८७४ रोजी बोदोला पहिलं पेटंट मिळालं. दुसऱ्या वर्षी खात्याने यंत्र स्वीकारलं. १२ नोव्हेंबर १८७७ रोजी पॅरिस ते बोर्दो या लाइनवर ते चाललं आणि १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. इथे सिनेमा संपला असता. पण खरं आयुष्य इथून पुढे आहे.

खात्याने शाबासकी दिली, पैसे मात्र फारसे दिले नाहीत. संशोधनाचा खर्च बोदोला स्वतःच्या खिशातून करावा लागत होता. तो इतका वाढला की १८८० मध्ये त्याने ते सुवर्णपदकच विकून टाकलं! ज्या यंत्रासाठी पदक मिळालं, त्याच यंत्राच्या पुढच्या कामासाठी. त्याच वर्षी त्याला कंट्रोलरची बढती मिळाली आणि १८८२ मध्ये तो इन्स्पेक्टर-इंजिनिअर झाला. प्राथमिक शाळा शिकलेला मुलगा आता इंजिनिअर म्हणवला जाऊ लागला.

दुसरं संकट कोर्टातून आलं. लुई व्हिक्टर मिमो नावाच्या तार खात्यातल्याच माणसाने १८७४ मध्येच पाच खुणांच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. कल्पना आपली आहे असं म्हणत त्याने १८७७ मध्ये बोदोवर दावा लावला. कोर्टाने आधी मिमोच्या बाजूने निकाल दिला. पण त्या निकालाने दोघांचंही समाधान झालं नाही. पुढे तो निकाल फिरला आणि सगळा खर्च मिमोवरच पडला. मिमोचं डोकं फिरलं ते यानंतर. त्याने सरकारकडे पैसे मागितले, सन्मान मागितला, पेटंटची मुदत वाढवून मागितली. ज्यूल रेनो या अधिकाऱ्याच्या समितीने हे सगळं नाकारलं, तेव्हा त्याने रेनोवर गोळ्या झाडून त्याचा जीव घेतला. मिमोला सक्तमजुरीची शिक्षा झाली. एका तारेवर चौघांना आनंदाने बसवणाऱ्या यंत्राच्या श्रेयावर मात्र दोन माणसं एकत्र बसू शकली नाहीत. तार वाटून घेणं एकवेळ सोपं, नाव वाटून घेणं कठीण!

बोदोची तब्येत नोकरी लागल्यापासूनच बरी नसायची. कधी कधी महिनाभर कामावर जाता यायचं नाही. जानेवारी १८९० मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याने लग्न केलं. आणि जेमतेम तीन महिन्यांत, ९ एप्रिलला त्याची बायको वारली. त्यानंतर त्याच्या मनात काय चाललं असेल ते आपण काय सांगणार? कामाची नोंद तेवढी आहे. त्याच वर्षी ८ ऑगस्टला त्याने पॅरिस, व्हान आणि लोरिआँ ही तीन गावं एकाच तारेवर जोडून दाखवली. आता लाइन नुसती माणसांत नाही, तर गावांत वाटली जात होती. १८९४ मध्ये पॅरिस आणि मिलानचे शेअरबाजार त्याने असेच एका तारेने जोडले. इटली, हॉलंड, ब्रिटन, जर्मनी, रशिया अशा एकेका देशाने त्याची पद्धत घेतली. २८ मार्च १९०३ रोजी पॅरिसजवळच्या सो या गावी तो गेला. वय फक्त ५७.

पुढे डोनाल्ड मरे याने त्याचा कोड बदलून टाइपरायटरसारख्या की-बोर्डला जुळवून घेतला आणि त्यातूनच टेलिप्रिंटरचा पाच बिटचा कोड तयार झाला. वर्तमानपत्रांच्या ऑफिसांत रात्रंदिवस खडखडणारे टेलिप्रिंटर त्याच घराण्यातले. १९२६ मध्ये तारेचा वेग मोजण्याच्या एककाला बोदोचं नाव द्यायचं ठरलं आणि बॉड जन्माला आला. १९४९ मध्ये फ्रान्सने त्याचं टपाल तिकीटही काढलं. पण त्यावर जन्मसाल १८४५ ऐवजी १८४८ छापलं गेलं, त्यामुळे ते पुन्हा छापावं लागलं!

आता आपल्या घरातल्या राउटरकडे या. तो बोदोचाच नातू आहे, पण थोडा वेगळ्या वळणाचा. बोदोच्या यंत्रात अक्षर कोणाचं हे ते केव्हा आलं यावरून कळायचं. राउटरला ते पॅकेटवरच्या नंबरवरून कळतं. बाहेरच्या जगात आपल्या घराचा पत्ता बहुतेक वेळा एकच असतो. घरातला प्रत्येक कॉम्प्युटर काही मागवतो तेव्हा राउटर त्या मागणीवर घराचा पत्ता आणि एक वेगळा पोर्ट नंबर घालतो आणि कोणता नंबर कोणाचा याची यादी जवळ ठेवतो. उत्तर आलं की यादी बघून ज्याचं त्याला देतो.

याचा एक फायदा आहे. बोदोचा एखादा ऑपरेटर पाणी प्यायला उठला, तर त्याचा पाव भाग रिकामाच फिरायचा. राउटरवर कोणी नेट वापरत नसेल तर त्याचा वाटा बाकीच्यांना मिळतो. पण तोटाही तिथेच आहे! बोदोच्या तबकडीवर कोणी दुसऱ्याचा भाग खाऊच शकत नव्हतं. आपल्याकडे मात्र एकाने मोठं डाउनलोड लावलं की बाकीचे तिघं गोल फिरणारं चक्र बघत बसतात. काही राउटरमध्ये प्रत्येकाला वेगाची मर्यादा घालता येते. हे म्हणजे बोदोचा पाव भाग पुन्हा आणण्यासारखंच झालं.

तेव्हा मित्रांनो, वाटून घेणं म्हणजे प्रत्येकाला कमी मिळणं नव्हे. रिकामा जाणारा वेळ ओळखला आणि आपली पाळी पाळली तर एका तारेत चौघांचं भागतं, हे शेतावरून आलेल्या एका मुलाने करून दाखवलं आहे. पुढच्या व्हायवाला बॉड रेट विचारला तर व्याख्या सांगाच, पण मनातल्या मनात त्या पदक विकणाऱ्या माणसाला एक सलाम ठोका. आणि रात्री सगळ्यांचं सबमिशन असताना डाउनलोड लावायच्या आधी तो टक् आवाज आठवा. पाळी आपली आहे का?