जो लुई आणि आठवी फेरी

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २६ ऑक्टोबर १९५१ च्या रात्री जमलेल्या प्रेक्षकांच्या मनात एकच प्रश्न होता. हेवीवेट मुष्टियुद्धाच्या जगावर जवळपास बारा वर्षे राज्य केलेला ३७ वर्षांचा जो लुई २८ वर्षांच्या रॉकी मार्सियानोला रोखू शकेल काय? मार्सियानो तोवर एकही लढत हरला नव्हता. तरीही पैजा लावणाऱ्यांचे पारडे किंचित लुईच्याच बाजूला झुकले होते. त्यात हिशेबापेक्षा भक्तीचा भाग अधिक होता. लुई हरावा असे कुणालाच वाटत नव्हते.

वास्तविक लुईने निवृत्ती पत्करली होती आणि तीही अजिंक्य असताना. मग तो रिंगणात परतला कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या साऱ्या आयुष्यात दडलेले आहे.

जोसेफ लुई बॅरो याचा जन्म १३ मे १९१४ रोजी अलाबामा राज्यात, कापसाच्या शेतात बटाईने राबणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले. आईने दुसरा विवाह केला आणि १९२६ साली हे कुटुंब पोटापाण्यासाठी डेट्रॉइटला आले. मुलाने व्हायोलिन शिकावे अशी आईची इच्छा होती. मुलाने मात्र शिकवणीचे पैसे व्यायामशाळेच्या फीसाठी वळवले, अशी आख्यायिका आहे. फोर्डच्या कारखान्यात मजुरी करीत तो हौशी स्पर्धांत चमकला आणि ४ जुलै १९३४ रोजी व्यावसायिक मुष्टियोद्धा झाला. त्याला घडवले ते जॅक ब्लॅकबर्न या जाणत्या प्रशिक्षकाने.

तो काळ कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी सोपा नव्हता. जॅक जॉन्सनने १९१५ मध्ये जगज्जेतेपद गमावल्यानंतर एकाही कृष्णवर्णीयाला त्या पदासाठी लढण्याची संधी मिळाली नव्हती. म्हणून लुईच्या व्यवस्थापकांनी त्याला वर्तनाचे कठोर नियमच घालून दिले. गोऱ्या प्रतिस्पर्ध्याला हरविल्यावर आनंद दाखवायचा नाही, गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढू द्यायचे नाही. लुईने हे सारे निमूटपणे पाळले आणि बोलण्याचे काम मुठींवर सोपवले.

जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने १९३६ मध्ये त्याला बाराव्या फेरीत पाडले. डावा ठोसा मारल्यावर लुईचा हात खाली येतो, हे श्मेलिंगने अचूक हेरले होते. हा पराभव लुईच्या जिव्हारी लागला. तरी २२ जून १९३७ रोजी शिकागोत जेम्स ब्रॅडॉकविरुद्ध त्याला जगज्जेतेपदाची संधी मिळालीच. त्या रात्री लुई २३ वर्षांचा होता आणि ब्रॅडॉक ३२ वर्षांचा. ब्रॅडॉकने पहिल्याच फेरीत लुईला खाली पाडले, परंतु पुढे वय बोलू लागले. आठव्या फेरीत लुईच्या उजव्या ठोशाने ब्रॅडॉक कोसळला आणि नवा जगज्जेता उदयाला आला.

बरोबर एक वर्षानंतर, २२ जून १९३८ रोजी, यँकी स्टेडियममध्ये लुई आणि श्मेलिंग पुन्हा समोरासमोर आले. श्मेलिंग स्वतः नाझी पक्षाचा सदस्य नव्हता, पण हिटलरच्या प्रचारयंत्रणेने त्याला आर्यवंशाचे प्रतीक ठरवले होते. लढत १२४ सेकंदांत संपली. गोऱ्या अमेरिकेने एका कृष्णवर्णीयाला प्रथमच इतक्या मोकळेपणाने आपला मानले.

त्यानंतरची वर्षे विजयाची होती. लुईने सलग २५ वेळा जगज्जेतेपद राखले. महायुद्धात तो लष्करात दाखल झाला, जवानांसाठी ९० हून अधिक प्रदर्शनीय लढती खेळला आणि १९४२ मधील दोन लढतींचे मानधन त्याने नौदल व लष्कराच्या मदतनिधींना देऊन टाकले. पण प्राप्तिकर खात्याने हे दान त्याचेच उत्पन्न मानले. उधळा स्वभाव, भोळा व्यवहार आणि वाढते व्याज यांमुळे थकबाकी लाखो डॉलरवर गेली. १ मार्च १९४९ रोजी निवृत्त झालेल्या लुईला या कर्जाने पुन्हा रिंगणात ओढले.

सप्टेंबर १९५० मध्ये एझर्ड चार्ल्सने त्याला १५ फेऱ्यांत गुणांवर हरविले. तरी लुईने पुढच्या आठ लढती जिंकल्या आणि आशा पालवली. शिवाय ताजे उदाहरण समोर होते. ज्याला लुईने दोनदा हरविले होते, तो जर्सी जो वॉलकॉट जुलै १९५१ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी जगज्जेता झाला होता. मग लुईला का जमू नये?

पहिल्या काही फेऱ्यांत ते जमेल असे वाटलेही. उंची आणि हातांची लांबी यांचा लाभ घेत लुईचा डावा ठोसा मार्सियानोला दूर ठेवत होता. परंतु संधी दिसताच सुटणारा तो जुना उजवा हात आता सुटत नव्हता. डोळ्यांना फट दिसे, पण हात पोहोचेपर्यंत ती मिटलेली असे. मार्सियानो मात्र ठोसे खात पुढे सरकत राहिला. आठव्या फेरीत त्याच्या डाव्या हुकने लुई खाली बसला. तो उठला, पण पुढच्या माऱ्याने दोरांमधून रिंगणाच्या कडेवर फेकला गेला. पंच रुबी गोल्डस्टीन यांनी आकडे न मोजताच लढत थांबवली. आपल्या दैवताला हरविल्याच्या दुःखाने विजेता मार्सियानोही रडला.

ब्रॅडॉक आणि लुई यांच्या वयातील अंतर नऊ वर्षांचे होते. लुई आणि मार्सियानो यांच्यातील अंतरही नऊच वर्षांचे. दोन्ही लढती आठव्याच फेरीत संपल्या. चौदा वर्षांपूर्वी लुईने ब्रॅडॉककडून जे घेतले होते, ते काळाने त्याच्याकडून तितक्याच काटेकोरपणे वसूल केले.

लुई पुन्हा व्यावसायिक लढत लढला नाही. पैशासाठी त्याने काही काळ कुस्तीचे प्रयोग केले, पुढे लास वेगासच्या एका कॅसिनोत पाहुण्यांचे स्वागत केले. व्यसन आणि मानसिक आजार यांनीही त्याला ग्रासले. कठीण दिवसांत त्याला मदतीचा हात देणाऱ्यांत श्मेलिंगही होता. १२ एप्रिल १९८१ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी लुईचे निधन झाले. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नियम शिथिल केल्याने आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्याला निरोप देण्यात आला.

जॉर्ज फोरमनने १९९४ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी २६ वर्षांच्या मायकेल मूररला हरवून जगज्जेतेपद परत मिळवले. म्हणजे म्हातारा मुष्टियोद्धा कधीच जिंकत नाही, असे नाही. पण फोरमनला एका ठोशाची संधी पुरली. लुईला परतावे लागले ते देणेकऱ्यांसाठी. देशाला त्याने दोन लढतींचे मानधन दिले होते. देशाने त्याचा हिशेब ठेवला, तो मात्र थकबाकीच्या रकान्यात.