सेंट जेम्ससाठी उभी राहिलेली अभिनेत्री

१९५७ च्या जुलै महिन्यात ब्रिटिश उमरावसभेचे कामकाज चालू असताना पाहुण्यांमधून एक स्त्री उठली आणि सेंट जेम्स नाट्यगृह पाडण्यास तिने मोठ्याने विरोध केला. तिला तत्काळ बाहेर नेण्यात आले. दोन ऑस्कर पारितोषिके मिळविलेल्या व्हिव्हियन लीने असा शिष्टाचारभंग का करावा?

तिचा जन्म १९१३ साली दार्जिलिंगचा. वडील कलकत्त्यात दलाली पेढीत होते. सहाव्या वर्षी इंग्लंडमधील कॉन्व्हेंटमध्ये तिची रवानगी झाली. १९३५ साली ‘द मास्क ऑफ व्हर्च्यू’ या नाटकाने ती एका रात्रीत प्रसिद्धीस आली. नाटक मोठ्या सेंट जेम्समध्ये हलविले गेले, तेव्हा मात्र तिचा आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचेना आणि प्रयोग लवकरच थांबले.

१९३९ च्या ‘गॉन विथ द विंड’ने तिला जगभर नेले. त्या चित्रपटाचा हिशेब मात्र पाहण्यासारखा आहे. तिने १२५ दिवस काम केले व तिला सुमारे २५ हजार डॉलर मिळाले. क्लार्क गेबलला ७१ दिवसांचे १ लाख २० हजारांहून अधिक. मोबदला श्रमाच्या प्रमाणात ठरतो असे मानणाऱ्यांनी याचे स्पष्टीकरण द्यावे!

पडद्यावर एवढे यश मिळूनही ती रंगभूमीकडे पुनःपुन्हा परतत राहिली. १९४९ साली लंडनमध्ये ब्लांश ड्युबॉइसची भूमिका तिने ३२६ प्रयोगांत केली. त्याच भूमिकेने चित्रपटात तिला दुसरे ऑस्कर दिले. १९५१ साली शॉ व शेक्सपियर या दोघांच्याही क्लिओपात्रा तिने साकारल्या, त्या याच सेंट जेम्समध्ये. एव्हाना क्षय आणि मनोविकार दोन्ही तिच्या मागे लागले होते. मनोविकाराला लहरीपणा म्हणून हिणविणारेही होतेच. पण त्यांच्यापैकी कितीजणांना असे आजारपण सोसून रोज रात्री रंगमंचावर उभे राहता आले असते? १९६० साली लॉरेन्स ऑलिव्हिएशी तिचा घटस्फोट झाला, १९६३ साली ब्रॉडवेवर ‘तोवारिच’साठी टोनी पारितोषिक मिळाले, आणि १९६७ च्या जुलैत वयाच्या ५३ व्या वर्षी क्षयानेच तिचा अंत झाला.

सेंट जेम्सचा प्रश्न मुळात जमिनीच्या भावाचा होता. लंडनच्या मध्यवस्तीत १८३५ सालापासून उभे असलेले ते नाट्यगृह तिकिटांच्या विक्रीवर जे मिळवी, त्याहून कितीतरी अधिक भाडे त्याच जागेवरील कचेऱ्या देऊ शकत होत्या. नाट्यगृहाचे मोल भाड्यात मोजू नये, एवढेच तिचे म्हणणे होते. त्यासाठी तिने रस्त्यावर मोर्चाही काढला. उमरावसभेत तिच्या बाजूने सहानुभूती उमटली. पण त्याच डिसेंबरात इमारत पाडली गेली व तेथे कचेऱ्या उभ्या राहिल्या. त्या उन्हाळ्यात ती किंग्जवेवरील स्टॉल नाट्यगृहात ‘टायटस अँड्रॉनिकस’मध्ये काम करीत होती. ऑगस्टच्या आरंभी ते प्रयोग संपले आणि स्टॉललाही कायमचे कुलूप लागले. तीही जागा पुढे कचेऱ्यांसाठीच मोकळी करण्यात आली.