विश्लेषण : ‘सायक्लोन’ शब्द देणाऱ्या संशोधकाचा इशारा का दुर्लक्षिला गेला? पोर्ट कॅनिंग कसे बुडाले?

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की ‘सायक्लोन’ हा शब्द बातम्यांत येतो. हा शब्द जगाला तेव्हाच्या कलकत्त्यातून मिळाला. तो देणारे हेन्री पिडिंग्टन यांनी १८५३ मध्ये एका नियोजित बंदराबाबत सरकारला सावध केले होते. बंदर तरीही उभे राहिले आणि १८६७ मध्ये वादळाने ते उद्ध्वस्त केले.

हेन्री पिडिंग्टन कोण होते?

पिडिंग्टन यांचा जन्म १७९७ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. तरुणपणी त्यांनी व्यापारी जहाजांवर काम केले, कप्तानपदही सांभाळले. पुढे ते कलकत्त्यात स्थायिक झाले. तेथील भूगर्भविषयक संग्रहालयाचे ते अभिरक्षक होते. जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या सागरी न्यायालयाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. १८३८ मध्ये विल्यम रीड यांचे वादळांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पिडिंग्टन या विषयाकडे वळले.

वादळांचा अभ्यास त्यांनी कसा केला?

तेव्हा उपग्रह नव्हते, हवामान केंद्रांचे जाळे नव्हते. पिडिंग्टन यांनी वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या गोळा केल्या. कोणते जहाज कधी कुठे होते, वारा कोणत्या दिशेचा होता, वायुभारमापकाचा पारा किती उतरला, हे सारे नकाशावर मांडले. त्यातून वारे एका केंद्राभोवती फिरतात आणि ते केंद्रही पुढे सरकते, हे स्पष्ट होत गेले. १८३९ पासून त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात वादळांवर लेखमाला लिहिली.

‘सायक्लोन’ शब्द कसा आला?

सापाच्या वेटोळ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी हे नाव घडवले. १८४८ मधील ‘द सेलर्स हॉर्न-बुक फॉर द लॉ ऑफ स्टॉर्म्स’ या त्यांच्या पुस्तकामुळे ते रूढ झाले. इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या अक्षरपाटीवर शिंगाचा पारदर्शक पापुद्रा असे, तिला ‘हॉर्न-बुक’ म्हणत. म्हणजे ही खलाशांची अंकलिपीच होती.

पुस्तकासोबत शिंगाच्याच दोन पारदर्शक चकत्या मिळत, एक उत्तर गोलार्धासाठी आणि एक दक्षिण गोलार्धासाठी. त्यांवर वाऱ्याच्या दिशा गोलाकार छापलेल्या असत. चकती नकाशावर ठेवायची आणि जहाजाच्या जागी प्रत्यक्ष वाहणाऱ्या वाऱ्याची दिशा येईल अशी सरकवायची. चकतीचा मध्य जिथे येईल, साधारण तिथे वादळाचे केंद्र. मग कप्तानाने जहाज त्यापासून दूर न्यायचे. गणित न येणाऱ्यालाही हे जमत असे.

पोर्ट कॅनिंगबाबत इशारा काय होता?

हुगळी नदी गाळाने भरत असल्याची चिंता होती. त्यामुळे कलकत्त्याच्या आग्नेयेला, सुंदरबनच्या बाजूला मातला नदीवर पर्यायी बंदराची योजना पुढे आली. पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना जाहीर पत्र लिहून तिला विरोध केला. वादळात वारा समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे ढकलतो, उथळ आणि निमुळत्या खाडीत ते आणखी चढते. आंध्र किनाऱ्यावरील कोरिंगा बंदर १७८९ मध्ये अशाच लाटांनी बुडवले होते. मातलाकाठची वसाहतही एखाद्या दिवशी ५ ते १५ फूट खाऱ्या पाण्याखाली जाईल, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे काय झाले?

पिडिंग्टन १८५८ मध्ये कलकत्त्यात वारले. बंदराचे काम थांबले नाही. जेटी झाल्या, रेल्वे आली आणि बंदराला लॉर्ड कॅनिंग यांचे नाव मिळाले. १ नोव्हेंबर १८६७ रोजी चक्रीवादळ आले. सुमारे सहा फुटांची लाट वसाहतीवर चालून गेली. काही वर्षांतच बंदर सोडून द्यावे लागले.

त्याआधी ऑक्टोबर १८६४ च्या कलकत्ता चक्रीवादळात सुमारे ६० हजार जणांचा बळी गेला होता. त्यानंतर कलकत्ता बंदरासाठी वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला.

आज या प्रकरणाचे महत्त्व काय?

खलाशांसाठीची चकती आणि सरकारला लिहिलेले पत्र, दोन्हींमागचे विज्ञान एकच होते. चकती वापरणाऱ्या कप्तानाचा स्वतःचा जीव पणाला लागलेला असे. बंदराचा निर्णय घेणाऱ्यांना मात्र मातलाकाठी राहायचे नव्हते. आज कोकणातल्या बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या किनाऱ्याला येतात. वादळ नसतानाच्या काळात खाडीकाठी काय बांधायचे, हे ठरवताना मात्र पिडिंग्टन यांचे पत्र आजही लागू पडते.