रेव्हरंड नारायण वामन टिळक

आमच्या शाळेच्या प्रार्थनेत जी पदे विद्यार्थी रोज गातात, त्यांपैकी अनेकांचा कर्ता कोण, हे पुष्कळांस ठाऊक नसते. टिळक हे नाव उच्चारताच मुलांच्या डोळ्यांपुढे लोकमान्यांची मूर्ती उभी राहते, आणि त्यात नवल नाही. परंतु त्याच काळी, त्याच कोकणच्या भूमीतून आलेले दुसरेही एक टिळक महाराष्ट्रात होऊन गेले. तेच कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक होत.

त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली झाला. आई जानकीबाई कवितेची भोक्ती होती, तर वडील मोठे कडक व शीघ्रकोपी होते. मातृछत्र लहानपणीच हरपल्यावर नारायण घर सोडून नाशिकास आला. तेथे त्याने संस्कृताचे उत्तम अध्ययन केले व थोडे इंग्रजीही शिकून घेतले. पुढे १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्याचा विवाह झाला. या अकरा-बारा वर्षांच्या मुलीचे सासरचे नाव लक्ष्मी. तिला अक्षरओळखही नव्हती; ती पुढे पतीने करून दिली.

टिळकांचा स्वभाव एका जागी टिकणारा नव्हता. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी मासिकाचे संपादक, असे त्यांचे गावोगाव फिरणे चालले होते. या भ्रमंतीच्या मुळाशी एक तळमळ होती. आपला देश वर कसा येईल, जातिभेदाचे हे ओझे कसे उतरेल आणि त्यासाठी कोणत्या धर्माचा आधार घ्यावा, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जात असता आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. संभाषणाच्या ओघात त्याने नवा करार भेट दिला. टिळकांनी तो वाचण्यास घेतला आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते थबकले. ती प्रकरणे संपेपर्यंत पुस्तक त्यांच्याने खाली ठेववेना.

त्यानंतर दोन वर्षे मनाची ओढाताण चालली, व १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मिशनच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. देशी पाळकाच्या हातून दीक्षा घ्यावी अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी तो विधी केला.

येथे चरित्रकाराने एक गोष्ट झाकून ठेवू नये. या निर्णयाचे मोल एकट्या टिळकांनी दिले नाही. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळले. लहान मुलाला पोटाशी धरून त्यांना नातलगांच्या आश्रयाने दिवस कंठावे लागले. हा वियोग सुमारे पाच वर्षांचा होता. ज्या पुरुषाने सत्यासाठी सर्वस्व सोडले त्याचे आपण गुण गातो, पण त्या सर्वस्वात एक तरुण पत्नीही होती, हे विसरणे बरे नव्हे. पुढे ती दोघे नगरला एकत्र आली. लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे बरेच दिवस सांभाळले. स्वतंत्र विचार करूनच त्यांनी ते सोडले आणि १९०० साली राहुरीस बाप्तिस्मा घेतला. हा सर्व वृत्तांत त्यांनी 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात असा मोकळेपणाने सांगितला आहे, की वाचता वाचता हसूही येते आणि डोळेही भरून येतात. पालकांनी तो मुलांच्या हाती अवश्य द्यावा.

नगरला टिळकांनी धर्मशिक्षणाच्या शाळेत अध्यापन केले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदया'चा मराठी विभाग त्यांच्याकडे होता. परंतु त्यांचे खरे कार्य निराळेच होय. तोवर आमच्या मंडळ्यांतून बहुधा इंग्रजी गीतांची भाषांतरे परक्या चालींवर म्हटली जात. शेतातून आलेल्या माणसाची जीभ त्यांवर अडखळे. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी तिचा राजमार्ग केला. ओवी, अभंग, पद, टाळ, मृदंग ही सगळी उपासनेत आली. त्यांची शेकडो पदे आज 'उपासना संगीता'त आहेत. तुकोबांच्या अभंगांना ते आपणास ख्रिस्ताकडे आणणारा पूल मानीत, आणि आपल्या पूर्वजांची भक्ती टाकाऊ ठरविणे त्यांस कधीच मान्य झाले नाही. ख्रिस्ती व्हावयाचे म्हणजे टोपी-पाटलोण घालून परके व्हावयाचे, ही समजूत त्यांनी स्वतःच्या राहणीनेच खोटी पाडली.

आम्हा खानदेशकरांस त्यांच्या आठवणीचे आणखी एक कारण आहे. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले असता धरणगावचा ठोंबरे नावाचा एक पोरगेला मुलगा कविता म्हणून गेला, आणि 'बालकवी' ठरला. त्याला टिळकांनी पुढे नगरला आपल्या घरी ठेवून घेतले, व लक्ष्मीबाईंनी त्यास पोटच्या मुलाप्रमाणे वागविले. एका ख्रिस्ती पाळकाच्या घरी ब्राह्मणाचा मुलगा राहतो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. बालकवी १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात गेले, तेव्हा हे घर शोकात बुडाले.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली व साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सारे अनुयायी येथे बंधुभावाने एकत्र यावेत, असा त्यांचा हेतू होता. मंडळीतील कित्येकांस हे रुचले नाही. बाप्तिस्म्याचे महत्त्व यामुळे उणे होईल, ही त्यांची शंका अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही. तथापि ज्याने स्वतः बाप्तिस्म्यासाठी घरदार पणाला लावले, तो त्यास क्षुल्लक कसा लेखील? दारात घुटमळणाऱ्यांचे दुःख त्याने स्वतः भोगले होते, म्हणून दार उघडे ठेवावे असे त्यास वाटले.

हा प्रयोग वाढीस लागण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन करण्यात आले व अस्थी नगरला नेण्यात आल्या.

'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र त्यांनी १९०९ साली आरंभिले होते, ते अकराव्या अध्यायाच्या आसपास थांबले. ज्या पत्नीला त्यांनी अक्षरे गिरवावयास लावली होती, तिनेच पुढचे चौसष्ट अध्याय रचले.